थंडीत गॅरेजमधला बिअरचा फ्रीज ऊबदार कसा ठेवावा?

गॅरेजवासी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. मुक्काम शेफिल्ड, इंग्लंड. घरी बिअर करायचा नाद लागलाय आणि घरच्यांनी त्या नादाची रवानगी गॅरेजमध्ये केलीय. इथे स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. तेव्हा 'हे कायद्यात बसतं का' ही चर्चा पहिल्याच प्रतिसादात नको, ही विनंती.

सामान असं आहे. फ्रीझर नसलेला जुना उंच फ्रीज, फळ्या काढलेल्या. आत २३ लिटरचा प्लास्टिकचा फर्मेंटर (बिअर आंबवायचा डबा) नीट बसतो. बाहेरच्या भिंतीला इंकबर्ड आयटीसी-३०८ हा तापमानाचा कंट्रोलर टांगलाय. त्याला दोन सॉकेटं, एक थंड करणाऱ्या यंत्रासाठी, एक गरम करणाऱ्या. उन्हाळ्यात थंडच्या सॉकेटात फ्रीज खुपसला की काम झालं. गरमचं सॉकेट विकत घेतल्यापासून बेकार बसून आहे.

आता गॅरेज रात्री ४-५ अंशांवर उतरतं. आत पेल एल (उबेत आंबवायची बिअर) आहे, यीस्ट एस-०४. आधी बुडबुडे धो धो आले, मग गारठा पडला आणि सगळं चिडीचूप. हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवतो तो) १.०२० वर ठाण मांडून बसलाय, खरं तर १.०१२ च्या आसपास यायला हवा. बिअर १३ अंशांवर आहे.

आत ऊब द्यायला काय ठेवू? घरात छोटा फॅन हीटर पडलाय. एक मित्र म्हणतो, रंगाच्या रिकाम्या डब्यात जुना पिवळा बल्ब लाव. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सरड्यांसाठी सिरॅमिकचे हीटर मिळतात. शिवाय फर्मेंटरला गुंडाळायचा पट्टा आणि ग्रीनहाऊसमध्ये वापरतात तो ट्यूब हीटर.

फ्रीज म्हणजे प्लास्टिकचं बंद कपाट. आत ओल, त्यात वीज, आणि हे सगळं मी झोपलेला असताना चालणार. गॅरेजच्या बरोबर वर मुलांची खोली आहे. त्यामुळे स्वस्तात काय पडेल ते नंतर बघू. आग लागणार नाही असं काय आहे, ते आधी सांगा.


मूग_गिळून | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३१

हाच धागा पुण्यातून काढला असतात तर प्रतिसाद द्यायला उत्पादन शुल्कवाले आले असते. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे हो आमच्याकडे. परवान्याशिवाय घरी गाळा नाहीतर आंबवा, गुन्हाच. म्हणून आम्ही नुसते वाचणार. येऊ द्या.


कडूजहर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

गॅरेजवासी, पहिलं म्हणजे बिअर वाया गेलेली नाही, ओतून देऊ नका. एस-०४ ची खोडच आहे, जरा गारठलं की तळाशी जाऊन घट्ट बसतं. १८-१९ अंशांवर आणा, फर्मेंटर झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचा गाळ थोडा उठेल. हवा आत जाईल असं खळखळवू मात्र नका. आणि अशीच गार बाटलीत भरलीत तर लोण्याचा नाहीतर हिरव्या सफरचंदाचा वास येईल. यीस्टने शेवटी स्वतःची खरकटी आवरायची असतात, ती आवरायला त्याला ऊब लागते. शिवाय अर्धवट साखर बाटलीत गेली की बाटल्या फुटतात.

हीटरचं म्हणाल तर डोळे झाकून ट्यूब हीटर. ४५ वॅटचा, हातभर लांबीचा. बॉक्सवर आयपी५५ (म्हणजे पाणी उडालं तरी चालणारा) लिहिलेलं बघून घ्या. बाजारात तसलेच दिसणारे, पण 'फक्त कोरड्या जागेसाठी' असलेलेही असतात, ते नकोत. पट्टाही चालतो, साधारण २५ वॅटचा येतो, पण तुमच्या गॅरेजला एकटा पुरेल असं वाटत नाही.

फॅन हीटरचं नाव काढू नका.


शंकासूर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

मला बिअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. इंकबर्ड १९ अंशांला हीटर बंदच करणार ना? मग हीटर ४५ वॅटचा काय आणि १००० चा काय? उलट मोठा असेल तर पटकन गरम होईल आणि पटकन बंद होईल. वीज तेवढीच.


तारेवरची_कसरत | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

शंकासूर, प्रश्न चांगला आहे, कारण निम्मे लोक मनात हाच हिशोब करून फॅन हीटर आत ठेवतात. (मी इलेक्ट्रिकलवाला. चिंचवडला कारखान्यात होतो, आता डर्बीला.)

थर्मोस्टॅट चालू असताना काय होतं हे बघायचंच नाही. तो बिघडला की काय होतं ते बघायचं. असल्या कंट्रोलरमध्ये रिले असतो, म्हणजे दोन छोटे संपर्क जे जुळतात आणि सुटतात. दर वेळी सुटताना बारीक ठिणगी पडते, संपर्क झिजतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग पडद्यावर काहीही आकडा दिसो, हीटर चालूच. जास्त करंटचं यंत्र लावलंत तर हे लवकर होतं.

आणि रिलेपेक्षा नेहमीचं कारण त्याहून साधं आहे. फर्मेंटरला चिकटवलेला प्रोब (कंट्रोलरचं तापमान मोजणारं टोक) ओलीने सुटतो आणि दाराच्या फटीत नाहीतर बाहेर फरशीवर जाऊन पडतो. बिचारा इमानेइतबारे गॅरेजचं ५ अंश तापमान सांगत राहतो आणि कंट्रोलर इमानेइतबारे हीटर चालू ठेवतो. इंकबर्डला जास्त तापल्याचा अलार्म आहे, पण तो त्याच प्रोबवर चालतो. त्यामुळे तोही गप्प.

आता हिशोब करू. उंच फ्रीजचा बाहेरचा पृष्ठभाग धरा साडेतीन चौरस मीटर. भिंतीत साधारण ४ सेंटिमीटर पॉलियुरेथेनचा फोम. त्यातून उष्णता झिरपते ती आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला १.९ वॅट, अंदाजे. बाहेर ४ आणि आत १९ हवं असेल तर फरक १५, म्हणजे २८-२९ वॅट सतत लागतील. एवढीच तुमची गरज. ४५ वॅटचा हीटर ती भागवून थोडा उरतो.

तोच ४५ वॅटचा हीटर कायमचा चालू राहिला तर? ४५ भागिले १.९, आत बाहेरपेक्षा २४ अंश जास्त. गॅरेज ५ अंशांवर असेल तर आत २९. बिअरची चव बिघडेल, कदाचित नेलपॉलिशसारखा वास येईल, पण वरच्या खोलीत मुलं निवांत झोपलेली असतील. १००० वॅटच्या फॅन हीटरला तेच गणित लावा. पाचशेच्या वरचा आकडा येतो. अर्थात फ्रीज पाचशे अंशांपर्यंत पोचणारच नाही, त्याच्या कितीतरी आधी काहीतरी वितळेल. फ्रीजच्या आतलं अस्तर बहुतेक वेळा पॉलिस्टायरिनचं असतं, ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्यामागे फोम, आणि फोम एकदा पेटला की त्याचा धूर अतिशय विषारी. फॅन हीटरच्या आत स्वतःचं कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारं) असतं हे खरं, पण तेही मोकळ्या खोलीतल्या वापरासाठी बनवलेलं, बंद कपाटासाठी नाही.

तर उत्तर हे: जो हीटर कायमचा चालू राहिला तरी घराला काही करू शकत नाही, तोच आत ठेवायचा. कंट्रोलर बिअरसाठी. घराची राखण हीटरच्या वॅटनेच करायची.


शंकासूर | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४१

पटलं. पण १.९ हा आकडा तुमच्या फ्रीजचा झाला. ह्यांच्या फ्रीजचा कशावरून?


तारेवरची_कसरत | १९ नोव्हेंबर, दुपारी २:०३

बरोबर. प्रत्येकाचा वेगळा असणार. जुन्या फ्रीजचं रबर सैल असेल तर अडीच-तीनही निघेल. सुट्टीच्या दिवशी, तुम्ही घरात असताना, फर्मेंटर बाहेर काढा आणि रिकाम्या फ्रीजमध्ये हीटर कंट्रोलरशिवाय थेट चालू ठेवा. आत एक थर्मामीटर, बाहेर एक. आतला आकडा चढायचा थांबला की फरक बघा आणि हीटरच्या वॅटला त्याने भागा. ह्यातून तुमचा आकडा तर मिळतोच, शिवाय 'सगळं बिघडलं तर किती तापेल' हे डोळ्यांनी दिसतं. फर्मेंटर आत ठेवून करू नका, २३ लिटर पाणी तापायला अख्खा दिवस खातं.


बर्फाळलेला_कॅलगरीकर | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१७

तुमचे ४-५ अंश वाचून हसू आलं. इकडे गॅरेज उणे १५ ला जातं, बाहेर उणे २५. मी कित्येक हिवाळे रंगाच्या डब्यात १०० वॅटचा बल्ब लावून बिअर करतोय. डबा बंद, त्यामुळे उजेड बिअरपर्यंत पोचत नाही. काहीही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका नवख्यांना.


कडूजहर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

उजेडाचं मात्र बरोबर बोललात, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि बिअरला स्कंक ह्या प्राण्यासारखा घाण वास मारतो. म्हणून तर बाटल्या तपकिरी. उघडा बल्ब फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांची बिअर मी चाखलीय. दुसरा ग्लास मागितला नाही.


तारेवरची_कसरत | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४४

कॅलगरीकर, काही झालं नाही हे चांगलंच आहे. तरी माझा आक्षेप सांगतो.

१०० वॅटच्या पिवळ्या बल्बची काच दीडदोनशे अंशांपर्यंत सहज तापते. डब्यात कोंडल्यावर होल्डरही तापतो, आणि साधे होल्डर प्लास्टिकचे असतात. फ्रीजच्या छताला ओल जमते. त्यातला एक गार थेंब तापलेल्या काचेवर पडला की बल्ब तडकतो आणि आतली तार उघडी. डब्याला अर्थिंग केलेलं असतं का? मी पाहिलेल्या एकाही डब्याला नव्हतं. सिरॅमिकच्या हीटरचंही तेच, उजेड नाही एवढाच फायदा, पृष्ठभाग तितकाच जळजळीत. सरड्यांच्या पेटीत तो जाळीच्या आत, उंचावर टांगलेला असतो. फ्रीजमध्ये तेवढी जागाच नाही.

ट्यूब हीटरचं वेगळं. तेवढीच उष्णता हातभर लांब नळीवर पसरलेली असते. तापलेल्या नळीवर हात ठेवलात तर पटकन मागे घ्याल, पण प्लास्टिक पेटवण्याइतका चटका त्यात नसतो.

तुमचा हिशोब मात्र खरंच वेगळा आहे. उणे १५ ते १९ म्हणजे ३४ अंशांचा फरक, गुणिले १.९, पासष्ट वॅट झाले. ४५ चा हीटर तिथे पुरणारच नाही. पण मग गॅरेज कशाला? तुमच्याकडे तळघर असतं ना?


बर्फाळलेला_कॅलगरीकर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२६

तळघरात सासूबाईंची खोली आहे. पुढे काही विचारू नका.

थेंबाचा मुद्दा पटला. बल्ब काढतो. इकडे ४० वॅटचे चपटे फर्मरॅप मिळतात, फर्मेंटरला बाहेरून चिकटवायचे. दोन लावले तर?


तारेवरची_कसरत | १९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

दोन चालतील, पण एकावर एक चढवू नका. घडीही घालायची नाही, घडीच्या जागी उष्णता अडकते. रिकाम्या फर्मेंटरला गुंडाळून चालू करू नका, आत द्रव असेल तरच ती उष्णता शोषली जाते. पट्ट्यालाही हेच नियम. आणि काचेचा कारबॉय (मोठा बुधला) असेल तर एकाच ठिकाणी तापून तडकू शकतो, तिथे जपून.

आणि हो, उणे १५ ला त्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू करू नका. तेल घट्ट झालेलं असतं. बहुतेक फ्रीज १० किंवा १६ अंशांच्या वरच्या खोलीसाठीच बनवलेले असतात, आतल्या चिठ्ठीवर एसएन किंवा एन लिहिलेलं असतं, ते तेच.


गॅरेजवासी | १९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. ४५ वॅटचा ट्यूब हीटर मागवला, आयपी५५ बघूनच. कॉम्प्रेसरवरून आठवलं: फ्रीज थंडच्या सॉकेटात राहू देऊ की काढू? आणि वायर आत कशी न्यायची? बाजूला ड्रिलने भोक पाडायचा विचार आहे.


तारेवरची_कसरत | १९ नोव्हेंबर, रात्री ११:२१

ड्रिल खाली ठेवा!! बाजूच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात, बाहेरून दिसत नाहीत. मागच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आधी बघा. आर६००ए असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. १९९३ मध्ये जर्मनीत फोरॉन कंपनीने असल्या गॅसचे फ्रीज आणले, ओझोनला धक्का न लावणारे, आणि पुढे युरोपभर तेच झाले. पर्यावरणाला चांगले, भोक पाडणाऱ्याला वाईट.

उद्या सविस्तर लिहितो.


कडूजहर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तोवर थंडच्या सॉकेटाचं मी सांगतो. हिवाळ्यात फ्रीजचा प्लग काढूनच ठेवा. ४ अंशांच्या गॅरेजमध्ये थंड करायला फ्रीज कशाला हवाय? दोन्ही चालू ठेवले की हीटर जरा पुढे जातो, मग फ्रीज त्याला मागे ओढतो, पुन्हा हीटर. रात्रभर दोघांची जुगलबंदी आणि बिल तुम्हाला.

'आंबताना स्वतःची उष्णता तयार होते तिचं काय' असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. तुमच्यासारख्या २३ लिटरच्या साध्या एलमध्ये पहिल्या तीनेक दिवसांत ती सरासरी चारेक वॅट भरते. गार गॅरेज ती सहज गिळतं.

सेटिंग: १९ अंश, गरमचा फरक ०.५. मार्चमध्ये पुन्हा फ्रीज लावाल तेव्हा थंडचा फरक १ आणि कॉम्प्रेसरचा विराम किमान ५ मिनिटं.

प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. हवा मिनिटात तापते, बिअरला तास लागतात, आणि हीटर उगाच चालू-बंद होत राहतो. फर्मेंटरच्या मध्यावर, द्रवाच्या पातळीखाली, हीटरच्या उलट्या बाजूला टेकवा. वर स्पंजचा जाड तुकडा, आणि मग सामानाला बांधतात तसला पट्टा पूर्ण वेढा घालून आवळा. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका, ओलीने दोन दिवसांत सुटते. प्रोबची वायरही फर्मेंटरच्या कानाला एक गाठ मारून अडकवा. उद्या कोणी चुकून ओढली तरी प्रोब जागचा हलणार नाही.

१३ चे १९ व्हायला ह्या हीटरने सहासात तास लागतील. घाई करू नका, एवढा सावकाश वाढलेला पारा यीस्टला मानवतो.


वाटणघाटण | २० नोव्हेंबर, सकाळी ११:३४

मी ह्या धाग्यावर चुकून आले आणि शेवटपर्यंत वाचत बसले. आम्ही रेडिंगला. हिवाळ्यात इडलीचं पीठ ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते, तरी कधी फुगतं, कधी दगड. ह्या फ्रीजमध्ये ३० अंश लावून पीठ ठेवलं तर? बिअर नसेल तेव्हा म्हणतेय.


कडूजहर | २० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ताई, बिअर नसेल तेव्हा बिनधास्त, फक्त आपल्या घरातल्या फ्रीजात. गॅरेजवासींच्या फ्रीजात नको. इडलीचं पीठ फुगवतात ते लॅक्टिक आम्लवाले जिवाणू, बिअरवाल्यांचे ते जन्माचे वैरी. पीठ उतू गेलं आणि दाराच्या रबरात शिरलं की पुढच्या बिअरा आंबट होण्याची भीती कायमची.

बाकी तुम्हाला फ्रीजही नको. मोठ्या कूलबॉक्समध्ये पातेलं आणि शेजारी गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, सकाळपर्यंत पीठ वर येईल. वीज नाही, काळजी नाही.


वाटणघाटण | २० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

कूलबॉक्स माळ्यावर आहे, काढायला लावते. आणि गरम पाण्याच्या बाटल्यांची युक्ती ह्यांच्या बिअरला का नाही चालणार?


कडूजहर | २० नोव्हेंबर, दुपारी १:०२

चालते की! एखाद्या रात्रीपुरती अगदी छान चालते. हीटर येईपर्यंत गॅरेजवासींनी तेच करावं, दोनदोन लिटरच्या तीनचार बाटल्या आत ठेवून. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलायचा उत्साह मात्र टिकत नाही.


तारेवरची_कसरत | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

कबूल केल्याप्रमाणे.

वायर: हीटरची वायर गोल आणि जाड असेल तर दाराच्या रबरातून नेल्यावर फट राहते. ती बिजागरीच्या बाजूने, तळाच्या कोपऱ्यातून न्या, तिथे रबर सगळ्यात कमी हलतं. मागच्या भिंतीत बर्फाचं पाणी निचरायला एक छिद्र असतं. प्लग कापून वायर त्यातून न्यायची युक्ती लोक सांगतात, पण मग नवा प्लग नीट बसवता यायला हवा, आणि निचऱ्याची वाटही बंद होते. मी रबराच्याच बाजूने. प्रोबची वायर बारीक असते, तिचा त्रास नाही.

पाणी: आत १९ आणि भिंतीला बाहेरून ४, म्हणजे आत घाम सुटणारच. थेंब वायरीवर जमतात आणि उतारावरून थेट प्लगकडे धावतात. म्हणून वायर फ्रीजमधून बाहेर आली की आधी खाली झोळ द्यायचा आणि मग वर कंट्रोलरकडे न्यायची. थेंब झोळाच्या तळाला गळून जातो. हे फुकटचं काम आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. कंट्रोलर, अडॅप्टर, जोडपट्टी, काही म्हणजे काही फ्रीजच्या आत ठेवायचं नाही.

त्याला दुसरंही कारण आहे. रिलेत ठिणगी पडते असं वर लिहिलं. फ्रीजमध्ये कधी गॅस गळला तर २०० लिटरच्या बंद जागेत नऊदहा ग्रॅम आयसोब्युटेनही पेट घ्यायला पुरतो. गळती अगदी क्वचित होते, उगाच झोप उडवून घेऊ नका. पण ठिणगी पाडणारी वस्तू बाहेर ठेवायला एक पेनीही लागत नाही. ट्यूब हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असला तर तोही ठिणगीच पाडतो, म्हणून मी बिनथर्मोस्टॅटचा साधा पसंत करतो. आणि आत बर्फ साचला असेल तर सुरीने खरवडू नका. गळत्या बहुतेक अशाच होतात.

फ्यूज: हीटरच्या प्लगमध्ये १३ अँपिअरचा असेल तर काढून ३ चा घाला. ४५ वॅटला पाव अँपिअरही लागत नाही. वायर चेमटली तर ३ चा आधी उडेल. गॅरेजच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचं आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारं) आहे का बघा, त्यावरचं टेस्टचं बटण दाबून खट्ट होतं का बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेन्शनची रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा.

दुसरं कुलूप: प्रोब सुटण्यावर तोडगा हवाच असेल तर एक वेगळा, स्वतःचा प्रोब असलेला प्लगचा थर्मोस्टॅट घ्या. त्याचा प्रोब हीटरच्या वर हवेत, सेटिंग ३० अंश. इंकबर्डच्या गरमच्या सॉकेटात हा, ह्याच्यात हीटर. दोन्ही एकाच दिवशी बिघडतील तर गोष्ट वेगळी. केएसडी३०१ सारखे बटणाएवढे कटआउटही मिळतात, ठरलेल्या तापमानाला आपोआप तुटणारे. पण ते वायर कापून जोडायचे असतात. ज्याला मेन्सची जोडणी रोजची आहे त्यानेच त्या वाटेला जावं.

जागा: हीटर मागच्या उंचवट्यावर, त्याच्या पायांवर, प्लास्टिकपासून चार बोटं वर. फर्मेंटर टेकता कामा नये. फर्मेंटरच्या बरोबर खाली तर नकोच, फेस उतू गेला की साखरेचं पाणी तापलेल्या नळीवर पडून करपतं.


कडूजहर | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

फेसाचं मी पुढे नेतो. पहिल्या दिवसांत एअरलॉकऐवजी (झाकणावरची, पाण्यातून गॅस बाहेर सोडणारी छोटी नळी) जाड नळी लावा, दुसरं टोक पाण्याच्या बरणीत, बरणी हीटरच्या लांबच्या कोपऱ्यात. आणि दार उघडल्या उघडल्या वास घ्यायला डोकं आत घालू नका. २३ लिटरची एल पाऊण-एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, तो बंद फ्रीजमध्ये साठतो आणि नाकात जो झणका बसतो तो विसरत नाही.

बारा व्होल्टचा छोटा संगणकाचा पंखा आत ठेवलात तर वर-खालचा फरक जातो. उंच फ्रीजला उपयोगी. नसला तरी अडत नाही.


शंकासूर | २० नोव्हेंबर, रात्री ९:५८

पुन्हा एक अडाणी शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा हिवाळ्यात थंडीत चालणारं यीस्ट वापरलं तर?


कडूजहर | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

ह्याला अडाणी म्हणत असाल तर आम्ही सगळेच अडाणी. हिवाळ्यात लागर (गारव्यात आंबवायची बिअर) करणं हाच जुना रिवाज. डब्ल्यू-३४/७० ह्या यीस्टला १२-१३ अंश पुरतात, म्हणजे ४ अंशांच्या गॅरेजमध्ये १७ वॅट. २५ वॅटचा पट्टाही भारी झाला. शेवटी दोनतीन दिवस १६-१७ ला न्यायचं, लोण्याचा वास घालवायला, आणि मग हवं तेवढं गार. उलट टोकाला नॉर्वेचं क्वाइक यीस्ट, ३५ अंशांवर खुशीत. ते जानेवारीत गॅरेजमध्ये करू नका, ५९ वॅटच्या घरात जाल आणि तारेवरची कसरत माझ्यावर ओरडतील.

पण आत्ताची एल आहे ती एलच. तिला १९ द्या.


मूग_गिळून | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

वीज किती खाते हे कोणीच बोललं नाही. पुणेकर म्हणून विचारणं भाग आहे.


तारेवरची_कसरत | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

२९ वॅट गुणिले २४ तास, पाऊण युनिटाच्या आत. इथल्या पंचवीसेक पेन्सच्या भावाने दिवसाला सतराअठरा पेन्स. फ्रीजबाहेर नुसत्या खोलीत हीटर लावून गॅरेज तापवायला गेलात तर ह्याच्या कित्येक पट.


गॅरेजवासी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

हीटर आला. आधी सांगितल्याप्रमाणे रिकाम्या फ्रीजची चाचणी घेतली. बाहेर ६, आत चढत चढत २८ ला थांबला. म्हणजे फरक २२, माझा आकडा २.०५. तारेवरची कसरत, तुमचा अंदाज जवळपास बरोबर निघाला. २८ बघून बायकोचाही जीव भांड्यात पडला, ती तासातासाला गॅरेजमध्ये डोकावत होती.

मग फर्मेंटर आत, प्रोब स्पंजाखाली, पट्टा आवळून. वायरीला झोळ दिला आणि सकाळी बघतो तर झोळाच्या तळाशी खरंच एक टपोरा थेंब लोंबत होता. प्लग कोरडा ठक्क. फ्यूज ३ चा. चिठ्ठीवर आर६००ए च निघालं, ड्रिल परत खोक्यात गेलं. दुसरा थर्मोस्टॅट मागवलाय, तो येईपर्यंत रात्री झोपताना हीटरचा प्लग काढतो. सकाळपर्यंत बिअर काही अंश उतरते.

हायड्रोमीटर १.०२० वरून १.०१४ वर आलाय, अजून बुडबुडे चालू आहेत.


तारेवरची_कसरत | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

झकास. एक राहिलं: गॅरेजमध्ये धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म लावा, घरातल्या अलार्मशी जोडलेला. धुराचा अलार्म गॅरेजच्या धुळीने आणि गाडीच्या धुराने उगाच बोंबलतो आणि मग माणूस त्याची बॅटरीच काढून ठेवतो.


बर्फाळलेला_कॅलगरीकर | २५ नोव्हेंबर, पहाटे ३:३८

बल्ब काढला. डब्याच्या आतला होल्डर बघितला, एका बाजूने तपकिरी पडून भेगाळला होता. फर्मरॅप दोन लावले. सासूबाईंशी तळघराच्या एका कोपऱ्याबद्दल बोलणी सुरू आहेत.


गॅरेजवासी | १ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

१.०११. दोन दिवस तोच आकडा. आता बाटल्यांत भरण्याआधी दोन दिवस २ अंशांवर न्यायची आहे, गाळ बसायला. इंकबर्ड २ ला लावला की झालं ना?


कडूजहर | १ डिसेंबर, संध्याकाळी ७:३५

थांबा. आधी हीटरचा प्लग काढून बाहेर ठेवा. २ च्या खाली गेलं की कंट्रोलर हीटरच चालू करेल. मग फ्रीज लावा. कॉम्प्रेसर ५ अंशांच्या गॅरेजमध्ये कुरकुरला तर लावूही नका, दार किलकिलं ठेवलंत तरी दोन दिवसांत ५-६ च्या आसपास उतरेल, गाळाला तेवढंही चालतं. आणि एअरलॉकमधलं पाणी काढून घ्या. गार होताना आतला वायू आकसला की ते आत ओढलं जातं.